मी न गेलेली अधिवेशनं

उरणच्या ताई आणि मी एकाच दिवशी विमा एजंट झालो. पनवेलच्या आमच्या शाखेत वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. तिथे नवीन एजंटांचं प्रशिक्षण चालायचं. मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. कारखान्याला टाळं लागलं आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर येऊन बसलो. ताई माझ्या पुढच्या बाकावर. त्या उरण नाक्याच्या बाजारात मासळी विकायच्या. आमचे विकास अधिकारी, म्हणजे आम्हा सगळ्यांचे साहेब, दर रविवारी त्यांच्याकडून पापलेट घ्यायचे. एक दिवस साहेब त्यांना म्हणाले, "तुमच्या टोपलीपाशी एका सकाळी जेवढ्या बायका थांबतात, तेवढी माणसं माझ्या एजंटांना महिनाभरात भेटत नाहीत." ताईंना ते पटलं आणि त्या आल्या.

त्या माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान होत्या, पण सगळी शाखा त्यांना ताई म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत झालेलं. मी बी.कॉम. एजंटची परीक्षा त्या पास झाल्या, पण प्रस्तावाचा फॉर्म हातात आला की त्यांना घाम फुटायचा. बारीक अक्षर, खालीवर चौकोन, मध्येच इंग्रजी. "भाऊ, ह्ये मना नाय जमनार," असं त्या मला म्हणाल्या तेव्हा मला खरं तर बरं वाटलं होतं. कुणाला तरी आपल्याहून कमी येतंय, ही भावना कारखाना बंद पडल्यापासून माझ्या वाट्याला आली नव्हती.

मी त्यांना शिकवलं. चार दुपारी आम्ही शाखेच्या जिन्यात बसलो. मी सांगितलं, "ताई, फॉर्म भरायचा नसतो, विचारायचा असतो. एकेक प्रश्न समोरच्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. तो सांगेल तेच लिहा. रिकामं काही सोडू नका आणि आपल्या मनाचं काही घालू नका." हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पंधरा वर्षं स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाची ती सवय होती. डबा स्वतः उघडून बघितल्याशिवाय मी कधी रजिस्टरमध्ये ओळ लिहिली नव्हती. ताईंनी वहीत ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात.

दोन वर्षांत त्या माझ्या पुढे गेल्या. तिसऱ्या वर्षी कंपनीच्या अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली.

ज्यांना विम्याच्या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षात ठरावीक काम पूर्ण करणाऱ्या एजंटांना कंपनी दोन-तीन दिवस कुठंतरी नेते. हॉटेल, भाषणं, सत्कार, रात्रीचं जेवण. त्या वर्षी गोवा होतं. शाखेतल्या फळ्यावर खडूनं नावं लिहिली गेली आणि पहिलं नाव ताईंचं होतं. मी फळ्यासमोर उभा राहून सगळी यादी वाचली. आपलं नाव नाही हे माहीत असूनही शेवटपर्यंत वाचली. मग शिपायाला म्हणालो, "दुसऱ्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय."

गोव्याहून त्या माझ्यासाठी काजूचा डबा घेऊन आल्या. शाखेत दुसऱ्या कुणाला त्यांनी एवढा मोठा दिला नव्हता. मी घरी नेला, बायकोनं उघडला, आम्ही खाल्ले. काजू उत्तम होते आणि त्याचाही मला राग आला.

पुढच्या वर्षी जयपूर झालं. त्याच्या पुढच्या वर्षी बँकॉक. ताईंच्या जावेला आमच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, बँकॉक कुठं आलं? ती म्हणाली, "इमानान बसून जावं लागतं, येवढंच मना ठावं." सगळे कौतुकानं हसले. माझा चहा तसाच राहिला.

माझी बायको कामोठ्यात आमच्या घरीच सातवी-आठवीच्या शिकवण्या घ्यायची. दोन खोल्यांचा फ्लॅट. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पोरं बसलेली असायची, म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी स्टूल टाकून फोन करायचो. नातेवाइकांचे फोन संपले, जुन्या कारखान्यातल्या माणसांचे संपले, सोसायटीतली माणसं मला जिन्यात बघून मोबाइल कानाला लावायला लागली. आणि उरणकडून ताईंची स्कूटर यायची, डिकीत पाच-सहा फॉर्म. सोमवारी पाच, गुरुवारी चार. मी ते मोजायचो. स्वतःचे मोजायला फार वेळ लागत नव्हता.

मी माझ्यापुरतं एक स्पष्टीकरण तयार केलं होतं. ताईंना सगळं आयतं मिळतंय. द्रोणागिरीकडच्या गावांना जमिनींचे पैसे आलेत, सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेले साडेबारा टक्क्यांचे प्लॉट विकले जाताहेत, घरोघरी नवीन मजले चढताहेत. त्यांच्याच नात्यातली माणसं, त्यांचीच बोली. आपण तिथे असतो तर आपणही बँकॉकला गेलो असतो. हे मी टपरीवर इतक्या वेळा सांगितलं की साहेब एकदा म्हणाले, "मग जा की. कुणी अडवलंय?"

मी गेलो. द्रोणागिरीच्या अलीकडच्या एका गावात, ओळखीनं. नवीन दुमजली घर होतं, जिन्याला अजून कठडा बसायचा होता. मालकानं थंडा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं. मी कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरसारखं व्यवस्थित, मुद्देसूद बोललो. तो म्हणाला, "सगलं बरोबर हाय तुमचं. पन आमचं सगलं ताईकडं हाय." मी म्हणालो, एक पॉलिसी माझ्याकडून घ्यायला काय हरकत आहे? तेव्हा आतून त्याची बायको म्हणाली, "ताई आमच्या सासूच्या गुडघ्याचं पन इचारते. तुमी इचारलं का, घरान कोन कोन हाय?"

मी विचारलं नव्हतं. परत येताना एसटीत मी मनातल्या मनात त्या बाईशी भांडत होतो. गुडघ्यांचा आणि विम्याचा काय संबंध?

त्यानंतर मी अधिवेशनांविरुद्ध बोलायला लागलो. दोन-तीन दिवस धंदा बंद ठेवून टाळ्या वाजवायला जायचं, हे मला पटत नाही, असं मी नव्या एजंटांना सांगायचो. तिथे शिकवतात ते सगळं पुस्तकात असतं. तिथे फक्त खातात, फोटो काढतात आणि घरी येऊन दुसऱ्यांना जळवतात. नवे एजंट मान हलवायचे. त्यातल्या एकानं ताईंना जाऊन सांगितलं असावं, कारण त्या एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या, "भाऊ, तुमी बोलताव ते खरं हाय. लई बोअर असतं. पन जेवन बरं असतं." आणि हसून वर गेल्या. त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

बायकोनं एकदाच विषय काढला. वह्या तपासता तपासता, माझ्याकडे न बघता. "तुम्हाला जायचंय की नाही जायचंय?"

"कुठं?"

"जिथं लोक उगाच जातात म्हणता, तिथं."

त्या वर्षी मी ठरवलं की काही झालं तरी यादीत नाव आणायचं.

आता रोडपालीचं सांगायला हवं. मी हे बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

मार्च संपत आला होता. यादीत येण्यासाठी मला सहा पॉलिसी कमी पडत होत्या आणि हातात आठवडा होता. रोडपालीला एक गृहस्थ राहायचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून होते. मी त्यांच्या मागे वर्षभर होतो. त्या आठवड्यात ते हो म्हणाले. मी त्यांच्या घरी गेलो, त्यांच्या बायकोनं चहा ठेवायला घेतला, तेव्हा ते आतल्या दिशेनं म्हणाले, "मला बिनसाखरेचा." आणि मग मला, "शुगर आहे हो थोडी. गोळी चालू आहे. ते लिहायचं असतं ना तुमच्यात?"

लिहायचं असतंच. लिहिलं की तपासण्या आल्या, रक्त, लघवी, डॉक्टरांचा रिपोर्ट. म्हणजे पॉलिसी एप्रिलात गेली. एप्रिलातली पॉलिसी मला काय उपयोगाची?

मी म्हणालो, "बघतो मी ते. तुम्ही इथे आणि इथे सही करा."

त्यांनी कोऱ्या फॉर्मवर दोन सह्या केल्या. मी घरी येऊन स्टुलावर बसून बाकीचं भरलं. आरोग्याच्या प्रश्नांची रांग असते, त्या रांगेत मी वरून खालपर्यंत नाही, नाही, नाही लिहीत गेलो. मधुमेहाच्या प्रश्नावर माझा हात थांबला असं मी आता सांगू शकेन, पण ते खरं नाही. हात थांबला नाही. गेली तीन-चार वर्षं मी सगळ्यांचे फॉर्म असेच भरत होतो. सगळेच असे भरतात, असं मी धरून चाललो होतो.

एवढं करूनही मी यादीत आलो नाही. एक पॉलिसी कमी पडली. त्या वर्षीचं अधिवेशन सिमल्याला होतं आणि ताईंनी मला तिथून लोकरीची टोपी आणून दिली. पनवेलमध्ये लोकरीची टोपी.

रोडपालीचे गृहस्थ सव्वा वर्षानं गेले. सकाळी काट्यावरच छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी त्यांच्या घरी गेलो, कागद गोळा केले, दावा दाखल केला. पॉलिसी नवी असल्यानं कंपनीनं चौकशी केली. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, रुग्णाला सहा वर्षांपासून मधुमेह. फॉर्मवर होतं, नाही. माहिती दडवली म्हणून दावा नामंजूर झाला.

ते पत्र घेऊन मी त्यांच्या बायकोसमोर, वहिनींसमोर बसलो. त्यांनी ते दोनदा वाचलं. "दडवली म्हणजे? यांनी?" मी म्हणालो, "कंपनीचे नियम फार कडक असतात, वहिनी." त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "माझ्यापासून त्यांनी कधी काही लपवलं नाही हो. कंपनीपासून कशाला लपवलं?"

मी खाली बघत होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी निघालो आणि पायऱ्या उतरताना मनात म्हणालो, माझी तरी काय चूक, सही त्यांची आहे.

दोन-तीन महिन्यांनी मला एक पत्रक मिळालं. वाशीच्या एका हॉटेलात विमा एजंटांसाठी दोन दिवसांची विक्री परिषद होती. कंपनीची नव्हे, खासगी, पैसे भरून कुणालाही जाता येईल अशी. मोठमोठ्या वक्त्यांचे फोटो होते आणि खाली एक ओळ होती, 'यशस्वी प्रतिनिधींचे अनुभव'. मी टपरीवर त्या पत्रकाची यथेच्छ चेष्टा केली आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरले. बायकोला सांगितलं. बाकी कुणाला नाही. मला बघायचं होतं की तिथे असं काय देतात जे ताईंना मिळतं आणि मला मिळत नाही.

हॉल गार होता. मी ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून मागच्या बाजूला, एका जाड खांबाच्या आडची खुर्ची पकडली. गळ्यात अडकवायला दिलेलं नावाचं कार्ड उलटं करून ठेवलं. सकाळी सुटाबुटातले एक गृहस्थ हिंदीत बोलले. त्यांनी आम्हाला उभं केलं, हात वर करायला लावले आणि 'मैं कर सकता हूँ' असं तीन वेळा ओरडायला लावलं. मी ओठ हलवले. दुसऱ्यांनी पडद्यावर त्रिकोण आणि बाण दाखवले. एकही गोष्ट अशी नव्हती जी मला माहीत नव्हती. मला आतून समाधान वाटायला लागलं. म्हणजे माझंच बरोबर होतं. इथे काही नाही.

आणि मग निवेदिकेनं ताईंना बोलावलं.

मी खांबाच्या आणखी आड सरकलो. ताई हिरव्या साडीत होत्या, केसांत अबोलीचा गजरा. हातात कागद नव्हता. हॉलमध्ये चारशे माणसं असतील. त्यांनी माइक जरा लांब धरला आणि आपल्या भाषेत सुरुवात केली.

"मी मासली इकायची. मना फॉर्म भरता येत नव्हता. आमच्या पनवेलच्या शाखेन एक भाऊ हायत, त्यांनी मना चार दिवस जिन्यात बसवून शिकवलं. ते बोलले, ताई, फॉर्म भरायचा नसतो, इचारायचा असतो."

पुढचं सगळं त्यांनी माझ्याच शब्दांत सांगितलं. रिकामं सोडायचं नाही, आपल्या मनाचं घालायचं नाही. त्या म्हणाल्या, मी दर माणसाला एकेक प्रश्न इचारते. त्याचा बाप कशानं गेला, आई कशानं गेली, गोली कसली खातोस, गुडघा दुखतो का. त्याला तास जातो. तेवढ्यात तो मना सगलं घर सांगतो. मग त्याच्या घरान मी परकी रहात नाय. आणि आजवर माझा एक पन क्लेम कंपनीनं परत पाठवला नाय.

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचा साताऱ्याकडचा एजंट वहीत भराभर लिहीत होता. त्यानं लिहिलं, 'फॉर्म विचारायचा असतो', आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या वेळी मला अभिमान वाटला असेल असं कुणाला वाटेल. मला वाटला नाही. मला जे वाटलं ते मत्सराहून वेगळं नव्हतं, फक्त आता त्याला दिशा सापडत नव्हती. ताईंकडे जे होतं आणि माझ्याकडे नव्हतं, ते माझंच होतं. मी ते त्यांना देऊन टाकलं होतं आणि स्वतः वापरणं सोडून दिलं होतं. त्या बाईनं जमिनीच्या पैशांवर धंदा केला असता तर मी त्यांना माफ केलं असतं. त्यांनी माझ्या एका वाक्यावर केला होता. आणि मला राहून राहून रोडपालीचा बिनसाखरेचा चहा आठवत होता.

जेवणाच्या रांगेतून मी मागच्या दारानं सटकायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "भाऊ, जेवल्याबिगर कुठं?"

"ताई, तुम्ही? मी आपलं सहज... कुणाला तरी भेटायला आलो होतो."

"मी तुमाला वरून पायलं. खांबामागं बसलेले व्हते. म्हनून नाव नाय घेतलं. मना वाटलं, तुमाला नको आसंल." त्यांनी माझ्या हातात ताट दिलं. "नायतर मी दर येळी नाव घेते. गोव्याला घेतलं, जयपूरला घेतलं. बँकॉकला तर कंपनीच्या एका सायबानं इचारलं, ते भाऊ आले नाय का?"

इतकी वर्षं ज्या ज्या ठिकाणी मला नेलं नाही म्हणून मी जळत होतो, तिथे तिथे माझं नाव जाऊन आलं होतं. मी ताट धरून उभा राहिलो आणि मागचे लोक आम्हाला वळसा घालून पुढे गेले. मग आम्ही एका कोपऱ्यात बसलो आणि मी ताईंना रोडपालीचं सगळं सांगितलं. का सांगितलं मला माहीत नाही. त्यांच्या भाषणातला तो माणूस खोटा आहे हे त्यांना कळावं, अशीही इच्छा असेल.

ताईंनी घास खाली ठेवला. उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "त्यानं तुमाला सांगितलं व्हतं, ह्ये त्या बायला ठावं हाय का?"

"नाही."

"मंग ती आपल्या नवऱ्याला खोटा समजत आसंल."

दुसऱ्या दिवशी मी परिषदेला गेलो नाही. सकाळी, शिकवणीची पोरं यायच्या आत, कंपनीच्या वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. प्रस्तावकानं मधुमेहाची माहिती मला तोंडी दिली होती, ती फॉर्मवर न लिहिण्याची चूक माझी आहे, दाव्याचा फेरविचार व्हावा. बायकोनं वाचलं आणि एक शब्द दुरुस्त केला. मी 'अनवधानाने' लिहिलं होतं. तिनं ते खोडलं.

हे मी चांगुलपणानं केलं असं सांगायला मला आवडलं असतं. वहिनींचा चेहरा डोळ्यांसमोर होता हे खरं. पण त्याहून जास्त मला हे सहन होत नव्हतं की ताईंचा एकही क्लेम परत आलेला नाही आणि माझा आलाय, आणि तेही त्यांना ठाऊक आहे.

रोडपालीला गेलो तेव्हा वहिनी लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं.

"म्हणजे त्यांनी सांगितलं होतं?"

"हो."

"तुमच्यासमोर?"

"याच खोलीत. तुम्ही चहा करत होता."

त्यांनी हातातली पाकळी परातीत टाकली. "मी इतके महिने त्यांच्याशी भांडतेय," त्या म्हणाल्या. "फोटोसमोर उभी राहून. की असं का केलंत म्हणून." त्या रडल्या नाहीत. मी काहीतरी बोलायला गेलो तर त्यांनी हात वर केला. "तुम्ही आता जा. त्या पत्राची एक प्रत मला आणून द्या. सासूबाईंना दाखवायची आहे."

प्रत मी त्याच दुपारी दिली. दार त्यांच्या मुलीनं उघडलं, घेतली आणि लावलं.

फेरविचाराला वर्ष गेलं. शेवटी कंपनीनं पूर्ण नाही, पण बरीचशी रक्कम विशेष बाब म्हणून दिली. मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारण दाखवलं, जे होतं तेच. एजन्सी गेली नाही, पण ताकीद मिळाली आणि साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागले, कारण त्या कागदपत्रांत त्यांचीही सही होती. वहिनींनी मला पुन्हा कधी घरात बोलावलं नाही. रोडपालीच्या बाजारात दिसल्या तर मान हलवतात. तेवढं मला पुरतं, असं म्हणणार नाही, पण ते मिळतं.

शाखेत ही बातमी पसरली तेव्हा टपरीवर काय बोललं गेलं ते ऐकण्यासारखं होतं. ताईंनी त्याला सरळ केलं, म्हणे. वाशीला नेऊन ताईंनी त्याला समजावलं. माझं पत्रसुद्धा त्यांच्या खात्यात जमा झालं. मी एक-दोघांना सांगून बघितलं की परिषदेचे पैसे मी भरले होते, पत्र मी लिहिलं होतं. मग सोडून दिलं.

मी पुन्हा फॉर्म विचारायला लागलो. तास लागतो. वर्षाला पॉलिसी आणखी कमी झाल्या. फळ्यावर माझं नाव कधी लागलं नाही आणि आता तर फळाही नाही, यादी मोबाइलवर येते. नवे एजंट अजून विचारतात, काका, असल्या परिषदांना जाऊन काही फायदा असतो का? मी त्यांना पूर्वीसारखं झिडकारत नाही. सांगतो की सुटाबुटातल्या माणसाचं ऐकलं नाही तरी चालेल, जेवणाच्या रांगेतून मात्र पळून जाऊ नका. त्यांना वाटतं मी विनोद करतोय.

पुढच्या वर्षी पुण्याला तसलीच एक परिषद होती. ताईंनी फोन केला. "भाऊ, गारी केलीय. एक जागा हाय. येताव का?" मी कार्ड सुलटं लावून पुढच्या रांगेत बसलो. ताई बोलल्या, या वेळी माझं नाव घेतलं आणि मला उभं राहायला सांगितलं. चार-दोन टाळ्या माझ्यासाठीही पडल्या असतील, बाकीच्या त्यांच्यासाठी होत्या, हे मला आपोआप मोजता आलं.

नंतर बाहेरच्या पायऱ्यांवर ताईंसोबत फोटो काढायला गर्दी झाली. नागपूरकडच्या आठ-दहा बाया त्यांना मध्ये घेऊन उभ्या राहिल्या. एकीनं इकडेतिकडे बघितलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "दादा, जरा काढता का?" मी काढला. मोबाइलच्या पडद्यावर बघितलं तर सगळ्या छान आल्या होत्या, फक्त ताईंचे डोळे मिटलेले होते. बाया पांगायला लागल्या होत्या. मी क्षणभर तो फोटो तसाच बघत राहिलो.

मग म्हणालो, "थांबा सगळ्या. ताई, डोळे मिटले तुमचे. पुन्हा एकदा."